म्हसोबापाशी बंद पडणारी जीप

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आख्खं गाव म्हणतं. म्हणू द्या. ज्या बाईच्या गाडीवर अन् गाडीतल्या पोरींवर गावानं आख्खा हिवाळा तोंडसुख घेतलं, तिनं राग काय कणगीत भरून ठेवावा?

मी चतुरा. तातेरावाची बायको. आमच्याकडं डिझेलची जीप हाय, इतकी जुनी की तिचा मूळचा रंग कोणता, यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं. आमच्या मालकांनी ती आयुष्यभर सवारीला चालवली. पुढं एका ट्रकनं त्यांचा डावा पाय चेचला. पाय हाय, पण क्लच दाबायचा जोर त्यात राहिला न्हाई. मग जीप दारात उभी. टायरं बसली, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली. मला ते बघवेना. म्हणलं, मला शिकवा. मालक हसले, मग त्यांनी शिकवलं. गावबी हसलं, अन् ते अजून हसूनच राहिलंय.

आता मी गावातल्या पोरी डोंगरकड्याला कॉलेजात नेते अन् आणते. आमच्या आडबाजूच्या गावाला एसटी येते, पण कॉलेज अर्धं सरल्यावर. आधी दहावी झाली की पोरींचं दप्तर माळ्यावर अन् पोरगी बोहल्यावर. जीप सुरू झाली तशा पाच-सहा जणी बारावीपर्यंत आल्या. त्यातली आरोही सगळ्यात हुशार. तिला नर्सिंगला जायचंय. तिचा बाप बालाजी आमच्याच गल्लीतला, मला वहिनी म्हणतो. हळद, केळी, दोन म्हशी, असा संसार. माणूस वाईट न्हाई, पण भित्रा. अन् भित्र्या माणसाला समजावता समजावता माझा जीव मेटाकुटीला येतो.

झालं असं. दिवाळीनंतर एका सकाळी जीप वाटेत बंद पडली. नेमकी ओढ्यापाशी. ओढ्याच्या काठाला लिंबाखाली शेंदूर लावलेला दगड हाय, तो आमचा म्हसोबा. इंजिनानं आधी गचके दिले, मग घरघर केली, मग गप. सेल्फ फिरायचा, पण इंजिन धरायचं न्हाई. मी बोनेट उघडून डिझेल ओढायचा हातपंप मारला, तर पाइपातून डिझेलाबरोबर बुडबुडे. पोरी बिचाऱ्या चालत निघाल्या. मी जमीलला फोन लावला.

जमील म्हणजे वारंगा फाट्यावरचा मिस्त्री, मालकांचा जुना दोस्त. स्वतःची तारीफ करण्यात त्याचा हात कुणी धरणार न्हाई. आला, पाइपावर बोट फिरवलं अन् म्हणाला, "भाभी, रबराला चीर गेली. तुमचं इंजिन डिझेल सोडून हवा पिऊन राहिलं. दुसरा मिस्त्री असता तर पंप खोलून बसला असता. मी एका बोटात सांगितलं."

त्यानं पाइप बदलला, फिल्टरातलं पाणी काढलं, हवा काढली. जीप एका सेल्फला चालू. दुखणं खरं होतं अन् दवाबी बराबर होती. तिथं गोष्ट संपायला पाहिजे होती.

पण दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. ओढा आला, गचके, घरघर, गप. आता बुडबुडे न्हाईत. नवा पाइप ठणठणीत. हातपंप दाबून दाबून माझा अंगठा सुजला, तरी डिझेल वर येईना. तेवढ्यात मागून खेमा फटफटीवर आला. खेमा म्हणजे आमच्या पाराचा कायमचा गडी, कामाच्या नावानं शंख. त्यानं पिशवीतला नारळ काढला, म्हसोबापुढं फोडला, सगळ्या पोरींना खोबरं वाटलं, मला म्हणाला, "काकू, आता मारा." मी सेल्फ मारला. जीप चालू!

कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ. पण हे पारावर कोण ऐकणार? दुपारपर्यंत गावभर झालं, की चतुराबाईची जीप म्हसोबानं अडवली अन् नारळ घेऊन सोडली.

मग रोजचंच झालं. जीप ओढ्यापाशी बंद पडायची. नारळ फोडायचा, उदबत्ती लावायची, पोरींनी हात जोडायचे, तोवर पाव तास जायचा, अन् जीप चालू व्हायची. मी बी फोडले नारळ. न फोडून सांगता कुणाला? आयांनी पोरी पाठवणं बंद केलं असतं.

जमीलनं आमच्या अंगणात येऊन काय काय न्हाई केलं! फिल्टर नवा टाकला. पंप खोलला. नोझल तपासून आणले. टाकी काढून धुतली. "भाभी, आता ही तुमच्या नातीच्या लग्नात वरात नेईल," असं दर बारीला म्हणायचा. गावातल्या गावात चक्कर मारली की जीप घोड्यावानी पळायची. दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी पुन्हा मुकी. मी त्याला म्हणलं, "जमील, आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी चाललंय तुझं." तो चिडला. मी त्याच्यापेक्षा जास्ती चिडले.

अन् एक गोष्ट सांगते, जी कुणाच्या डोक्यात शिरली न्हाई. जीप येतानाबी बंद पडायची. कधी केळीच्या मळ्यापाशी, कधी गावाच्या अलीकडं. तिथं कुठला देव न्हाई, दगड न्हाई. पण येताना बंद पडली की लोक म्हणायचे, "बाईच्या हातात गाडी, मग काय व्हणार." जाताना बंद पडली तर देवाचा कोप अन् येताना बंद पडली तर बाईचा दोष. जाताना तरी नेमकी कुठं पडायची? कधी ओढ्याच्या अलीकडं, कधी चढाला पलीकडं. पण गावाच्या तोंडात एकच, म्हसोबापाशी.

इथवर मी सोसलं. पुढचं मात्र न्हाई सोसलं.

संक्रांतीच्या आसपास पारावर नवीन शोध लागला. म्हणे, गाडीत बसून पोरी अडचणीतल्या दिवसांत देवासमोरून जातात. देवाला विटाळ व्हतो. म्हणून तो गाडी धरतो. हे बोलणारे कोण? ज्यांनी आयुष्यात घरातला तांब्या विसळला न्हाई ते. पण बोलणं घराघरात शिरलं, अन् बायकांनीच नेम काढला: ज्या पोरीला कावळा शिवला, तिनं त्या दिवसांत जीपमध्ये बसायचं न्हाई.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी पारावर गेले अन् सगळ्यांसमोर विचारलं, "काहून रे, ओढ्यावरून म्हशी जातात, शेळ्या जातात, तुमी दारू पिऊन जाता, तेव्हा म्हसोबा झोपलेला असतो काय? पोरी दिसल्या की बराबर जागा व्हतो?" खेमा खाली बघून तंबाखू मळत बसला. बाकीचे म्हणाले, "बाई, तोंड सांभाळा." मी म्हणलं, "तुमी आधी मन सांभाळा."

उपयोग काय झाला? शून्य. सकाळी जीपपाशी पोरी यायच्या त्या माना खाली घालून. कधी ही न्हाई, कधी ती न्हाई. आरोही आली न्हाई की मला कळायचं. ती आली की गेलेले तास दुसऱ्या पोरीच्या वहीतून उतरवून घ्यायची, चालत्या जीपमध्ये, गचके खात. एकदा मला म्हणाली, "काकू, जीवशास्त्रात पाळीचा आख्खा धडा हाय. तोच शिकवला त्या दिवशी मी घरी बसलेली." ती हसली. मला हसू आलं न्हाई.

मग बारावीची परीक्षा लागली. रसायनाच्या पेपराला जीप चढावर बंद पडली. त्या दिवशी नारळाला वेळ कुणाकडं होता? पोरी उतरून पळत सुटल्या. पुढं एका ट्रॅक्टरवाल्यानं घेतलं म्हणून फाटक लागता लागता आत शिरल्या. आरोहीची चप्पल तुटलेली, तशीच अनवाणी बसली पेपराला.

संध्याकाळी बालाजी आमच्या अंगणात आला. उभाच राहिला. म्हणाला, "वहिनी, जीवशास्त्राच्या पेपराला आरोही येणार न्हाई."

"काहून?"

"म्हसोबाच्या मनात न्हाई. इतक्या बार सांगून राहिला तो. उद्या गाडी उलटली तर मी काय करू? पोरगी जिवंत पाहिजे मला. उन्हाळ्यात एक जागा बघितली, लावून देतो."

"तुमच्या फटफटीवर न्या मग तिला."

"फटफटी भावानं पुण्याला नेली न. अन् वाट तीच हाय, वहिनी. देव तोच हाय."

मी काय काय बोलले ते सांगत न्हाई. मालक खाटेवरून "अगं, हळू, हळू" करत राहिले. बालाजीनं सगळं ऐकून घेतलं, हात जोडले अन् गेला. भिंतीवर डोकं आपटावं तसं झालं मला. नर्सिंगला जीवशास्त्रच पाहिजे. तो एक पेपर बुडला की पोरीचं सगळं बुडलं.

मधे एक दिवस मोकळा होता. सकाळीच जीप काढली अन् वारंगा फाट्याची वाट धरली. आमच्या गावातून वाटा दोनच, एक डोंगरकड्याला, ओढ्यावरून, अन् दुसरी उलट्या अंगाला, फाट्याला. मनाशी ठरवलं, आज एक तर जीप नीट व्हईल, न्हाई तर तिथंच भंगारात देऊन चालत घरी येईन. एकटीच होते. वाटभर जीपला शिव्या देत होते, जमीलला देत होते, म्हसोबालाबी दोन दिल्या.

अन् बंद पडली. गचके, घरघर, गप.

दोन्ही बाजूला हळदीची मोकळी शेतं. लांब कुणाच्या तरी कढईचा धूर, उकडलेल्या हळदीचा वास. देव न्हाई, दगड न्हाई, नारळ न्हाई. बोनेटसुद्धा उघडलं न्हाई मी. स्टेअरिंगवर हात आपटले अन् रडले, रागानं. रडून झालं, पदरानं तोंड पुसलं, सहज सेल्फ मारला. जीप चालू.

जमीलच्या दुकानात मी जीप जवळजवळ त्याच्या अंगावर घातली. उतरले ते विचारतच, "जमील, ह्या वाटेला कोणता म्हसोबा हाय?"

"ह्या वाटेला? ह्या वाटेला तर पीरसाहेबबी न्हाईत."

"मग आज बंद कशी पडली? अन् नारळ कुणी फोडला नसता चालू कशी झाली?"

जमील पान्हा खाली ठेवून उठला. तारीफ करायचं विसरला. "घरापासून किती लांब बंद पडली?"

मी सांगायला तोंड उघडलं अन् थांबले. तिकडं ओढा घरापासून जितका लांब, इकडं ती जागा तितकीच लांब.

"चला भाभी," तो म्हणाला. "आतापर्यंत मी चालू गाडी बघितली. आज बंद पडेपर्यंत चालवू."

आमी हायवेनं जीप पळवत राहिलो. गप्पा न्हाईत, काही न्हाई. मी वाट बघत होते की कधी बंद पडते, अन् पडावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मनापासून इच्छा करत होते. पडली. जमील उडी मारून उतरला. बोनेटकडं गेला न्हाई. मागच्या बाजूला टाकीपाशी उकिडवा बसला. खांद्यावरचं फडकं काढलं, डिझेलच्या झाकणाला गुंडाळलं अन् अलगद फिरवलं.

टाकीनं असा दम ओढला, सूंऽऽ करून, की मला गाडीत बसून ऐकू आलं.

"मारा सेल्फ!"

एका फटक्यात चालू.

जमील रस्त्यावरच बसला अन् कपाळाला हात लावला. "या अल्लाह! भाभी, इंजिनाला काही झालं न्हाई. टाकीचा दम कोंडून राहिला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं काय?"

"न्हाई पडत. दुसरं पाडावं लागतं, हवेला."

"तेच. डिझेल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला पाहिजे. त्याच्यासाठी ह्या झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं. थोडी वाट चालली की टाकी डिझेल सोडतच न्हाई. पाव तास उभी ऱ्हायली की कुठून तरी थोडी हवा शिरते, पुन्हा चालू."

पाव तास. एक नारळ, एक उदबत्ती, खोबऱ्याचा परसाद.

मी झाकण त्याच्या हातातून घेतलं अन् फडकं काढलं. आख्ख्या झाकणावर शेंदूर. एक थर न्हाई, थरावर थर, तेलात कालवलेला, वाळून खपलीवानी घट्ट झालेला. आमच्या जीपला हळदकुंकू कुठं न्हाई? चाकाला हाय, बोनेटला हाय, स्टेअरिंगला हाय. त्यात झाकणाकडं कोण बघतं? पण जमीलनं बघितलं होतं. दर बारीला त्यानं ते झाकण उघडलं होतं, फडकं गुंडाळून.

"तुला दिसत होता हा शेंदूर?"

"दिसत होता."

"मग पुसला काहून न्हाईस? मिस्त्री ना तू? एका बोटात दुखणं सांगतोस ना?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "भाभी, देवाचं हाय ते. मी जमील. मी ते पुसलं असतं अन् दुसऱ्या दिवशी गाडीला काही झालं असतं, तर तुमच्या पारावर काय बोलले असते? माझं दुकान राहिलं असतं काय? म्हणून फडकं लावून उघडायचो, फडकं लावूनच बंद करायचो. हात लागू नये म्हणून. त्याच्या खाली भोक हाय, हे डोक्यातच आलं न्हाई, कसम से."

त्याला बोलायला उघडलेलं तोंड मी मिटलं. त्याच्यावर चिडता येईना, अन् त्याचाच मला जास्ती राग आला.

"पुस आता," मी म्हणलं.

"तुमी पुसा."

मीच पुसला. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला, खपल्या पडल्या, भोकात तार घातली तर आतून शेंदराची गोळीच निघाली. येताना जीप जिथं सकाळी बंद पडली होती तिथून सरळ पुढं गेली, अन् घरापर्यंत श्वास सोडला न्हाई तिनं. सोडला मी, अंगणात आल्यावर.

मालक खाटेवर बसून शेंगा फोडत होते. मी झाकण त्यांच्या पुढ्यात आपटलं. "हा शेंदूर कोण लावतं?"

"बालाजी लावतो की," मालक म्हणाले, जसं काही मी दूध कोण घालतं ते विचारलं. "पहिल्यांदा बंद पडली ना, त्या दिवसापासनं. सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना बोट लावून जातो. मला म्हणला, तात्या, म्हसोबाच्या अंगावरचा शेंदूर आणलाय, पोरीच्या गाडीच्या तोंडाला लावायचाय, गाडीचं तोंड कोणतं? मी म्हणलं, खाते तिथंच तोंड."

"अन् तुमी मला सांगितलं न्हाई?"

"त्यात काय सांगायचं? बापाचं मन हाय. लावू दे म्हणलं."

आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस! झाकणाला भोक असतं हे त्यांना माहीत न्हाई? शेंगांचं सूप मी अंगणात उधळलं. कोंबड्यांची चंगळ झाली. मालकांनी ते झाकण उचलून उजेडाला धरलं अन् हळूच म्हणाले, "अगं, खरंच की." जेवण वाढताना मी एक शब्द बोलले न्हाई त्यांच्याशी.

बालाजी हळद घेऊन वसमतच्या बाजाराला गेलेला, मुक्कामाला. सकाळी, पेपराच्या दिवशी, पोरी जीपमध्ये येऊन बसल्या. आरोहीची जागा रिकामी. मी जीप तशीच चालू ठेवली, मुठीएवढी शेंदराची पुडी केली होती खरवडलेल्या खपल्यांची, ती घेतली अन् बालाजीच्या घरात गेले. तो नुकताच आला होता, पाय धूत होता. आरोही दारात भांडी घासत होती, डोळे सुजलेले.

"बालाजी, हात दाखवा."

"काय झालं, वहिनी?"

"हात दाखवा म्हणते मी!"

त्यानं उजवा हात पुढं केला. पहिल्या बोटाच्या नखात शेंदूर. मी पुडी त्याच्या तळहातावर उलटी केली.

"हे तुमचं. माझ्या टाकीच्या झाकणावरचं. झाकणाला हवेचं भोक असतं, ते ह्यानं बुजलं. आरोही, तेलाचा डबा आण."

पोरगी डबा घेऊन आली, एकच भोक पाडलेला, नवा. मी तो तिच्या बापापुढं उलटा धरला. तेलाचे दोन थेंब पडले अन् तेल थांबलं. भांड्यांपाशी खिळा पडला होता, तो अन् दगड घेऊन मी डब्याला दुसरं भोक पाडलं. तेल भळाभळा अंगणात. त्याची बायको आतून ओरडली. ओरडू दे.

"कळलं? गाडी म्हसोबानं अडवली न्हाई. तुमी अडवली. रोज सकाळी, एका बोटानं."

बालाजीचा चेहरा उतरला. "मी लेकरासाठी लावत होतो, वहिनी. तिला काही होऊ नये म्हणून. तुमच्याच लेकरासारखी हाय ती."

"लेकरासाठी लावलंत अन् लेकराचीच वाट बुजवलीत! अन् वरून विटाळ त्या पोरींचा? गावातल्या सगळ्या पोरी घरी बसवल्या तुमच्या बोटानं. चोर सोडून संन्याशाला फाशी! काल मी गाडी फाट्यावरून आणली, एकदाबी बंद पडली न्हाई. आता पोरीला पाठवता, का मी इथंच बसू?"

त्यानं सांडलेल्या तेलात बोट बुडवून बघितलं. मग म्हणाला, "मी बी येतो. गाडी ओढ्यापाशी थांबली, तर पोरगी तिथूनच माघारी फिरल. पुन्हा मला काही म्हणायचं न्हाई."

"बसा," मी म्हणलं.

आरोहीनं हात ड्रेसलाच पुसले, दप्तर घेतलं, हॉल तिकीट तिच्या पुस्तकातच होतं. तिनं काल रात्रीपासून तसंच ठेवलं असणार. मागं पोरींमध्ये जाऊन बसली. बालाजी माझ्या शेजारी, मांडीवर हात.

ती वाट मी आयुष्यात इतकी हळू कधी चालवली न्हाई अन् इतकी घाईबी कधी झाली न्हाई. कान इंजिनाकडं. केळीचा मळा गेला. उतार लागला. लिंब दिसला, खाली शेंदरी दगड दिसला, आमीच फोडलेल्या नारळांच्या करवंट्यांचा ढीग दिसला. बालाजीचे ओठ हलून राहिले होते. मी तिसरा गियर टाकला अन् पाय दाबला. जीप ओढ्यातून निघाली, चढाला लागली, काळा धूर सोडत चढली, अन् वर सपाटीला आली. एक गचका न्हाई.

मी घामानं भिजले होते. आता हा माणूस काय म्हणतो म्हणून त्याच्याकडं बघितलं.

बालाजीनं मागं वळून ओढ्याकडं हात जोडले. डोळे भरलेले. "पाह्यलं, वहिनी? सोडली. म्हसोबानं सोडली गाडी. त्याच्या मनात आलं."

खरं सांगते, माझा पाय ब्रेककडं गेला. खाली उतरवून त्याच करवंट्यांवर बसवणार होते मी त्याला. एवढं दाखवलं, एवढं तेल सांडलं, तरी पाढे पंचावन्न! तोंडात शिवी आली होती, अगदी ओठावर.

मागून आरोही बोलली. हळू न्हाई, ओरडूनबी न्हाई. हजेरी देतात तशी.

"पप्पा, आज माझा दुसरा दिवस हाय."

एका पोरीनं तोंडावर ओढणी धरली. बालाजीचे जोडलेले हात तसेच राहिले. मग त्यानं ते खाली घेतले, मांडीवर ठेवले, अन् त्या शेंदराच्या नखाकडं बघत राहिला. डोंगरकड्याची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "वहिनी, जरा थांबवता का? मी इथंच उतरतो."

"न्हाई," मी म्हणलं. "आता ही जीप फाटकावरच थांबल."

मी आरशात बघितलं. आरोहीनं पुस्तक उघडलं होतं अन् बोट ठेवून धडा वाचत होती.